मागचं गेट

१२ जानेवारी, रविवार

ताई,

नमस्कार-चमत्कार राहू दे. पत्र फाडायचंच असेल तर आधी वाच आणि मग फाड. माझा फोन तू उचलत नाहीस. भावोजींना लावला तर ते म्हणतात, ती कामात आहे, आणि मागून तुझाच आवाज येत असतो. मला काय कळत नाही का? म्हणून हे पत्र. एवढा घोडा झालो आणि बहिणीला पत्र लिहीत बसलोय. शाळेत मास्तरांनी परीक्षेत लिहायला लावलं होतं, त्यानंतर हे पहिलंच.

तुझी अट मला तोंडपाठ आहे. भिंगरीला तू स्वतः खरं सांग त्या दिवशी कुठं होतास, मगच या घराची पायरी चढ. सहा महिने झाले. पण ताई, जे झालं ते मी तुला तेव्हाच सांगितलंय. भावोजींचं ऑपरेशन, तू दवाखान्यात अडकलेली, म्हणून साडेबाराला पोरीला शाळेतून आणायचं काम माझ्याकडे. तिला मागच्या गेटवर थांब म्हणून सांगितलं होतं. मी मागच्या गेटवर दोन तास ताटकळलो. ती उभी राहिली पुढच्या गेटवर. मला वाटलं, तुझ्या शेजारणीनं नेली असेल, म्हणून कामावर परत गेलो. आठ वर्षांचं पोर, गेट चुकलं. होतं असं. आता तो शाळेसमोरचा औषधवाला तुझे कान फुंकतो आणि तू सख्ख्या भावाला सोडून त्याचं ऐकतेस. त्याला गोळ्या मोजायचं सोडून बाकी सगळे उद्योग आहेत.

असो. भांडायला नाही लिहिलं. बातमी द्यायची होती. मी मीटिंगला गेलो.

कसली, विचार. दारू सोडणाऱ्यांची. हसू नकोस. तसा मी काही रस्त्यात लोळणारा नाही, तुला माहीत आहे. पण डिसेंबरात साहेबांनी माझ्याकडून लिफ्टच्या खड्ड्यातलं काम काढून घेतलं. सकाळी माझा हात थरथरतो, म्हणे. एकवीस वर्षं झाली मला लिफ्टच्या कामात, तिचा तारदोर नुसता बोटांनी चाचपून मी सांगायचो, किती धागे तुटलेत. आता दारांचे रूळ पुसतो, तेल घालतो, कार्डावर सही करतो आणि घरी येतो. साहेब म्हणाले, आधी काहीतरी उपाय कर, कुठंतरी मीटिंग असतात तिथं जा, मग खाली उतर.

जा म्हणणं सोपं. सापडायला नको? डॉक्टरांनी दिलेला पहिला नंबर बंद. दुसऱ्या पत्त्यावर गेलो तर तिथं शिवणक्लास. बाईंनी मला मशीन दुरुस्त करायला आलेला समजून तीन मशिनी दाखवल्या. मीही एकीचा पट्टा नीट करून दिला, उगाच त्यांचा हिरमोड कशाला. तिसरा पत्ता म्हणजे दोन वर्षांपूर्वी बंद पडलेलं ऑफिस निघालं. आणि शेवटी कागद सापडला कुठं, तर मी दर महिन्याला ज्या वाचनालयाच्या इमारतीतली लिफ्ट तपासतो तिथल्याच लिफ्टमध्ये. आरशाशेजारी चिकटवलेला. तो आरसा मी इतकी वर्षं पुसतोय. तिसरा मजला, वाचनालयामागची खोली, मंगळवार सहा, शुक्रवार सहा.

मी शुक्रवारी गेलो. गेल्यावर कळलं की मंगळवार पिणाऱ्यांचा आणि शुक्रवार पिणाऱ्यांच्या घरच्यांचा. कागदावर धड लिहिलेलं नव्हतं. बारा प्लास्टिकच्या खुर्च्या, एक लोखंडी कपाट, पाच मिनिटं पुढं असलेलं घड्याळ. वाचनालयातल्याच एक बाई सगळं बघतात. त्यांचा नवरा पितो. त्या दाराजवळच्या खुर्चीत बसतात. त्यांनी मला विचारलं, तुमचं कोण? मी उठून सांगणार होतो की चुकून आलो. पण सगळे माझ्याकडे इतके मायेनं बघत होते की तोंडातून निघून गेलं, भाऊ. धाकटा का, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हो, धाकटा.

तर झालं हे असं. मंगळवारी जाईन. भिंगरीला सांग मामानं विचारलंय.

तुझा धाकटा

२ फेब्रुवारी, रविवार

ताई,

पत्र परत आलं नाही म्हणजे तू ठेवून घेतलंस. तेवढंही पुष्कळ.

मंगळवारी मी गेलो नाही. पहिल्या मंगळवारी काम होतं, दुसऱ्या मंगळवारी कंटाळा आला, तिसऱ्या मंगळवारी जिन्यापर्यंत जाऊन परत आलो. शुक्रवारी मात्र जातो. चार झाले. तू कपाळावर हात मारून घेशील, पण मला तिथं बरं वाटतं. सगळे मला बिचारा समजतात. मला कोणी बिचारा समजून किती वर्षं झाली?

तिथं एक टेलरकाका येतात. सत्तरीचे असतील. त्यांचा मुलगा पितो. ते सांगत होते, मुलगा दाराच्या कुलपात किल्ली कशी फिरवतो त्यावरून त्यांना कळतं आज किती झालीय. किल्ली एका झटक्यात लागली तर ते कूस बदलून झोपतात. दोनदा सरकली तर उठून पाणी भरून ठेवतात. तीनदा सरकली तर देवाचं नाव घेतात. हे ते अगदी मापं सांगावीत तसं सांगतात. मी ऐकत होतो आणि मला तुझ्याकडे राहत होतो ती पाच वर्षं आठवली. मी आलो की तुझ्या खोलीतला दिवा लागायचा. मला वाटायचं, तुला झोप कमी आहे.

लायब्ररीवाल्या बाई बोलायला फटकळ आहेत. कोणी रडायला लागलं की त्या गप्प बसतात, पाठ वगैरे थोपटत नाहीत. पण एखादा आपल्या पिणाऱ्याची बाजू घ्यायला लागला की मात्र सोडत नाहीत. एक बाई म्हणाली, मनानं चांगले आहेत हो ते. या म्हणाल्या, मनानं चांगले असतील, पण तुमच्या घरी मन एकटं येत नाही, अख्खा माणूस येतो. सगळे हसले. मीही हसलो.

परवाच्या शुक्रवारी माझी पाळी आली. तीन आठवडे मी टाळलं होतं. काहीतरी सांगायलाच हवं होतं, म्हणून मी ते गेटचं सांगितलं. पण मला थोरला भाऊ व्हायला लागलं ना. म्हणजे तू. भिंगरी माझी मुलगी झाली. मी सांगितलं, बायकोचं ऑपरेशन होतं, मी दवाखान्यात होतो, धाकट्याला म्हटलं मुलीला शाळेतून आण. दुपारी चारला शाळेतल्या झाडणाऱ्या मावशींचा फोन आला की तुमची मुलगी गेटवर एकटी उभी आहे, आत चल म्हटलं तर येत नाही. मामानं, म्हणजे काकानं, जागची हलू नकोस म्हणून सांगितलंय. बाथरूमलाही गेली नाही. फ्रॉक ओला झाला होता तिचा. आणि भावाला फोन केला तर तो म्हणाला, मी मागच्या गेटवर होतो, तीच चुकली. म्हणून मी दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर पोरीलाच धपाटा घातला, की एवढंसं तुला लक्षात ठेवता येत नाही. मागून कळलं, भाऊ प्यायला बसला होता आणि तिला विसरला होता.

ताई, मी असं कधी या बाजूनं बघितलंच नव्हतं. मला फक्त एवढं माहीत होतं की तू मला घराबाहेर काढलंस.

आणि मग ते सगळे माझी समजूत घालायला लागले. टेलरकाकांनी माझा हात हातात घेतला. बाई म्हणाल्या, "तुम्ही पोरीला मारलंत ते तुम्हाला खोटं सांगितलं गेलं म्हणून. तो हात तुमचा होता, पण मार त्याचा होता. तुम्ही दार लावलंत ते योग्य केलंत. अपराधी वाटून घेऊन उघडू नका."

मी रडलो. चाळिशीचा बाप्या, हमसून हमसून. आणि घरी येताना लिफ्टमध्ये त्या आरशात स्वतःला बघून मला शिसारी आली. ते सगळं बोलणं तुझं होतं ना. तुला कोणी तरी म्हणायला हवं होतं. मी तुझ्या जागी बसून ते घेऊन आलो.

आता तू म्हणशील, म्हणजे कबूल केलंस. तसं नाही. बाहेरच्यांना सांगताना गोष्ट थोडी फिरवावी लागते.

बरं, ठीक आहे. नव्हतो मी मागच्या गेटवर. प्यायला बसलो आणि विसरलो. विसरतो माणूस. झालं समाधान? पण पोरीला मी हे सांगणार नाही. तिचा एकच मामा आहे आणि तिला तो आवडतो. तेवढंही तुला बघवत नसेल तर तुझं तू बघ.

तुझा धाकटा

२३ फेब्रुवारी, रविवार

ताई,

भावोजी मंगळवारी माझ्या खोलीवर येऊन गेले. तुला सांगितलं नसेल तर त्यांच्यावर डाफरू नकोस. मी बोलवलं नव्हतं, ते आपणहून आले. चहा प्यायले, खोली झाडलेली बघून बरं म्हणाले. मी त्यांना ऐटीत सांगितलं की एकतीस जानेवारीपासून थेंब घेतलेला नाही. तो अठरावा दिवस होता. ते खूश झाले. मी म्हटलं, मग ताईला सांगा, आता मला पायरी चढू दे.

ते बराच वेळ चहाचा कप हातात फिरवत बसले. तुला माहीत आहे ना ते कसे बसतात, जसं काही कपाच्या बुडाशी उत्तर लिहिलंय. मग म्हणाले, तुम्हाला शाळेचं काही माहीत नाही ना?

मला माहीत नव्हतं. तू का सांगितलं नाहीस? म्हणजे, तू सांगणार कशी म्हणा, मी तुझं ऐकून कुठं घेतो.

ते म्हणाले, शाळा सुटली की भिंगरी आधी पुढच्या गेटवर येते. तू दिसली नाहीस की दप्तर सावरत मागच्या गेटवर पळते. तिथं नाही म्हणून परत पुढं. मधे ते अख्खं मैदान आहे. तुला दोन मिनिटं उशीर झाला तरी तिच्या चार फेऱ्या झालेल्या असतात. तू पोचतेस तेव्हा ती घामानं भिजलेली असते. तू तिला शंभरदा सांगितलंस की मी पुढच्याच गेटवर येणार, ती मान डोलावते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पळते. बाईंनी डायरीत लिहून पाठवलंय. आणि भावोजींना तिनं विचारलं, मी गेट चुकले म्हणून मामा अजून रागावलाय का, म्हणून येत नाही का?

ते गेल्यावर मी कप विसळले. मग उठून गेलो. कुठं ते लिहायला नको. बुधवारी आणि गुरुवारी कामावर गेलो नाही. साहेबांना ताप म्हणून सांगितलं, तुलाही तेच लिहिणार होतो. पहिला कागद तसा लिहिलाही, तो फाडून हा दुसरा घेतलाय.

शुक्रवारी मात्र मीटिंगला गेलो. का गेलो ते विचारू नकोस. अंघोळ केली, वेलदोडे चघळले, धुतलेला शर्ट घातला. आम्हा लोकांना वाटतं की कोणाला कळत नाही. बाई खुर्च्या मांडत होत्या. मी त्यांच्या शेजारून गेलो.  त्यांनी आपली खुर्ची उचलून आणखी थोडी दाराकडे सरकवली आणि तिथं बसल्या. तासभर माझ्याकडे बघितलं नाही.

ताई, मी आत्तापर्यंत त्यांना विचारलं नव्हतं की त्या नेहमी दाराजवळ का बसतात. आता विचारायची गरज राहिली नाही. मी तुझ्याकडे राहायचो तेव्हा तूही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचीस.

तुझा धाकटा

८ मार्च, शनिवार

ताई,

काल मी त्यांना सांगितलं.

मधला एक शुक्रवार गेलो नव्हतो. तो कसा गेला ते मला धड आठवत नाही आणि जे आठवतं ते लिहिण्यासारखं नाही. गेल्या शनिवारपासून पिणं बंद आहे. काल सहाला मी खोलीत शिरलो आणि बसलोच नाही. उभ्या उभ्या म्हटलं, मला भाऊ नाही. मला एक थोरली बहीण आहे. मी सांगत होतो तो धाकटा मीच आहे.

मला वाटलं होतं आरडाओरडा होईल.  टेलरकाकांनी खिशातून रुमाल काढला, त्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. एकदा माझ्याकडे बघितलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले. हात धरला होता ना त्यांनी माझा. त्यांना काय वाटलं असेल, तू विचार कर.

बाई म्हणाल्या, "सात शुक्रवार आम्ही तुमच्यासमोर मन मोकळं केलं. आपल्या माणसासमोर जे बोलता येत नाही ते बोलायला आम्ही इथं येतो. तो माणूस आमच्यातच बसला होता."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, माफी नंतर बघू. कागदावर दोन ओळी आहेत, कोणासाठी मंगळवार आणि कोणासाठी शुक्रवार. वाचल्या होत्या का?

ताई, तुला मी लिहिलं होतं की कागदावर धड लिहिलेलं नव्हतं. लिहिलं होतं. चांगलं मोठ्या अक्षरात. मी दोनदा वाचलं होतं. मंगळवारच्या ओळीखाली उभं राहण्यापेक्षा शुक्रवारच्या लोकांत बसणं मला सोपं वाटलं, एवढंच. मी म्हटलं, हो, वाचल्या होत्या.

मग त्यांनी एक विचारलं, आणि त्यासाठीच मी हे पत्र लिहितोय. त्या म्हणाल्या, तुम्ही सांगितलंत की भाऊ प्यायला बसला आणि मुलीला विसरला. तेव्हाच मला ते खटकलं होतं, पण तुम्ही रडत होतात म्हणून बोलले नाही. माझा नवरा सव्वीस वर्षं पितोय. तो काही विसरत नाही. लग्नाचा वाढदिवस, गॅसचा नंबर, कोणाशी कधी भांडण झालं, सगळं लक्षात असतं. विसरलो हे तो मला दुसऱ्या दिवशी सांगतो. तर तुम्ही खरंच विसरला होतात का?

 तिथं सगळे होते, टेलरकाका होते. मला बोलता येईना.

त्या उठल्या आणि दार उघडून धरलं. रागानं नाही, पाहुण्याला निरोप देताना धरावं तसं. मंगळवारी सहाला याच खुर्च्या असतात, एवढंच म्हणाल्या. मी जिन्यानं खाली आलो. तीन मजले, मधे एकदा पायरीवर बसलो. एक म्हातारे गृहस्थ पुस्तकं घेऊन वर येत होते, त्यांनी विचारलं, लिफ्ट बंद आहे का? मी म्हटलं, नाही, चालू आहे, मीच बघतो तिला. ते माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघत गेले.

तुला मी उत्तर काय ते अजून लिहू शकत नाही. थोडं थांब.

धाकटा

१२ मार्च, बुधवार

ताई,

काल मंगळवार होता.

त्याच खुर्च्या, तेच घड्याळ. माणसं वेगळी. एक कंपाउंडर होते दवाखान्यातले, ते सगळ्यांना चहा देतात. त्यांनी मला, तुमचं कोण, असं विचारलं नाही. किती दिवस झाले, असंही विचारलं नाही. बसा म्हणाले. मी बसलो. पाळी आली तेव्हा मी लिफ्टवाला आहे आणि मी पितो, असं म्हटलं. फार अवघड जाईल असं वाटलं होतं. तेवढं अवघड गेलं नाही. त्याच्यापुढचं गेलं. शुक्रवारी बाईंना जे सांगता आलं नाही ते मी तिथं सांगितलं. सांगून झाल्यावर खोलीत कोणी दचकलं नाही आणि कोणी धीरही दिला नाही. एक जण नुसता हुंकारला. त्यानं तसलंच काहीतरी केलेलं असणार.

आज बारावा दिवस आहे. अठरावर मागं आपटलो होतो, त्यामुळे ऐट करत नाही. साहेबांना ताप नव्हता हे सांगितलं. ते म्हणाले, मला माहीत होतं. खड्ड्यातलं काम अजून देणार नाहीत, आणि मीही मागितलं नाही.

तुझ्या वाट्याचं मी घेऊन बसलोय ते परत करतो. बाई म्हणाल्या होत्या ते मी दुसऱ्या पत्रात लिहिलं होतं, पण तेव्हा मी तुझ्यावर चिडून लिहिलं होतं, म्हणून तू नीट वाचलं नसशील. पुन्हा लिहितो. त्या दिवशी भिंगरीला जो मार बसला तो माझा होता. तू दार लावलंस ते योग्य केलंस. हे मी म्हणत नाही, मला म्हणायचा काय अधिकार. ज्यांनी हे सोसलंय अशा माणसांनी म्हटलंय आणि ते तुझ्यासाठीच होतं, पत्ता तेवढा चुकला होता. आणि ताई, ऐकायला चांगलं वाटतं ग ते. पत्रातून नको, समोर बसून कोणीतरी म्हणायला हवं. कंपाउंडरांकडून तुझ्या बाजूची घरच्यांची मीटिंग शोधून घेतली. बुधवार, साडेपाच, तुमच्या पोस्टाच्या वरच्या मजल्यावर, डावीकडची खोली. मी स्वतः जाऊन बघून आलो, तिथं शिवणक्लास नाही. जा किंवा नको जाऊस. मी त्या बाजूला फिरकणार नाही.

सोबत दुसरं पाकीट आहे, भिंगरीच्या नावाचं. चिकटवलेलं नाही. आधी तू वाच. ते वाचल्यावर तुला कदाचित माझं तोंडही बघावंसं वाटणार नाही. औषधवाल्यानं तुला सांगितलं असेल त्याहून ते वाईट आहे, कारण त्याला मी आत जाताना दिसलो, आतून मला काय दिसत होतं ते त्याला माहीत नाही. मला तुला आधी सांगायचं होतं, पण ते तुझं नाही, तिचं आहे. तिला द्यायचं की नाही, आत्ता की मोठी झाल्यावर, ते तू ठरव. पण ती रोज पळते ना, म्हणून मला वाटतं, दे.

पायरी चढायला मिळावी म्हणून हे लिहिलेलं नाही. दोन महिन्यांपूर्वी तसं लिहिलं असतं. दार तुला हवं तितके दिवस लावून ठेव.

धाकटा

भिंगरीला

भिंगरी,

मी मामा. हे पत्र आईबरोबर बस आणि वाच. काही कळलं नाही तर तिला विचार, ती खरं सांगते.

मी तुझ्यावर रागावलेलो नाही. कधीच नव्हतो. मी घरी येत नाही ते माझ्यामुळे, तुझ्यामुळे नाही.

आपलं पुढचं गेट ठरलं होतं. सकाळी तुला सोडताना मी स्वतः बोट दाखवून म्हटलं होतं, इथं थांब, जागची हलू नकोस. तू बरोबर तिथंच उभी राहिलीस. मागच्या गेटचं मी नंतर तुझ्या आईला खोटं सांगितलं. तिला ते खरं वाटलं म्हणून तिनं तुला मारलं. तू काही चुकली नव्हतीस.

शाळेसमोर रस्त्यापलीकडे एक हॉटेल आहे, हिरव्या दाराचं. मी तिथं खिडकीपाशी बसलो होतो आणि दारू पीत होतो. साडेबाराला घंटा झाली ती मला ऐकू आली. तू बाहेर आलीस ती मला दिसलीस. तुझ्या दप्तराचा एक पट्टा सुटला होता आणि तू तो गुडघ्यावर टेकवून लावत होतीस. मी म्हटलं, हा ग्लास संपला की उठतो. मग दुसरा घेतला. तुझ्या मैत्रिणी एकेक करून गेल्या, ते मी बघितलं. तू एका पायावर, मग दुसऱ्या पायावर उभी राहायला लागलीस, तेही बघितलं. मी सगळ्यांना सांगितलं की मी विसरलो. मी विसरलो नव्हतो. मी सगळा वेळ तुला बघत होतो.

एकदा तू रस्त्याच्या या बाजूला बघितलंस. तेव्हा मी खुर्ची खिडकीपासून मागं घेतली, तुला दिसू नये म्हणून.

याला दारू कारण आहे असं मोठी माणसं म्हणतील. पण खुर्ची मीच मागं घेतली. आता मी दारू सोडायला शिकतोय. दर मंगळवारी एका खोलीत जातो, तिथं माझ्यासारखे आणखी लोक येतात. मला जमेल की नाही ते अजून माहीत नाही, म्हणून तुला वचन देत नाही.

फक्त एक सांगायचं आहे. उद्या शाळा सुटली की पुढच्या गेटवर उभी राहा आणि आई येईपर्यंत तिथंच थांब. मागं पळत जाऊ नकोस. त्या दिवशी मागच्या गेटवर कोणीच नव्हतं.

मामा